शिदोरीतला हिशेब

सांगलीच्या पेठेतील एका कापड दुकानाचे मालक, घरादाराचे अण्णा, वर्षातून चार वेळा खरेदीसाठी सुरतेला जातात. पासष्टी उलटली तरी हा नेम चुकलेला नाही. सूर्यास्तानंतर अन्न घ्यायचे नाही, हा त्यांचा दुसरा नेम. तिसरी गोष्ट मात्र नेमाची नसून नाइलाजाची आहे: दहा वर्षांचा मधुमेह.

गेल्या पावसाळ्यात परतीची गाडी चार तास रखडली. अण्णांनी सवयीने गोळी घेतली. जेवण हाती येईपर्यंत दिवस मावळला. रात्री दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. सोबतच्या दिवाणजींनी साखरेचे पाणी पाजले, म्हणून निभावले. ‘घरी बोलू नका,’ असे अण्णांनी बजावले होते. पण आठवड्याने दिवाणजींना राहवले नाही. सूनबाईंनी सासऱ्यांना जाब विचारला नाही. त्या स्वयंपाकघरात गेल्या.

आजवर शिदोरीत असत शंकरपाळे: मैदा, साखर आणि तळण. त्यांऐवजी ओट्स आणि फळांच्या कुकीज भाजण्याचे त्यांनी ठरविले. पहिल्या घाण्यात पिकलेली केळी घातली. चव उत्तम, परंतु ओल्या फळाच्या ओलाव्याने तिसऱ्या दिवशीच वास येऊ लागला. दुसऱ्या वेळी खजूर घेतला, पण कुकीज गरम असतानाच डब्यात भरल्या. वाफ आत कोंडली आणि सारे मऊ पडले. अण्णा हसून म्हणाले, ‘‘सूनबाई, हा माल परत!’’

तिसरा घाणा साधला. 150 ग्रॅम ओट्स, 100 ग्रॅम कणीक, 80 ग्रॅम तूप, 120 ग्रॅम बिनबियांचा खजूर कोमट पाण्यात भिजवून वाटलेला, 60 ग्रॅम काळे मनुके व जर्दाळूचे तुकडे, 40 ग्रॅम बदाम, अर्धा चमचा बेकिंग पावडर आणि वेलची. अंडे नाही, मध नाही, वरची साखर नाही. आधी तापविलेल्या ओव्हनमध्ये 170 अंशांवर सुमारे 18 मिनिटे. बाहेर काढताना त्या मऊच लागतात. जाळीवर पूर्ण निवल्यावर खुसखुशीत होतात, आणि मगच डबा.

सूनबाईंनी वहीत हिशेबही मांडला: खजूर 15, नग 24, म्हणजे दोन नगांत सव्वा खजूर. साखर घातली नाही म्हणून गोडवा खाती पडत नाही, असे नव्हे. ओट्समधील तंतूंमुळे ती साखर रक्तात सावकाश उतरते, हा लाभ. मात्र साखर एकाएकी घसरली, तर हाच सावकाशपणा घातक ठरेल. म्हणून डब्याशेजारी ग्लुकोजची पुडी वेगळी ठेवली. प्रवासात गोळी कधी घ्यावी, हेही डॉक्टरांना विचारून घेतले. त्यांनी सांगितले, ‘‘अन्न समोर आल्याखेरीज गोळी नाही.’’

दिवाळीपूर्वीच्या खरेदीहून परतताना गाडी पुन्हा एका आडस्थानकावर थांबली. ऊन कलू लागले होते. त्या संध्याकाळी सूनबाईंचा फोन वाजला.

‘‘सूनबाई, दिवस असताना तीन खाल्ल्या, वर दूध घेतलं. गोळी डॉक्टरांनी सांगितली तशीच.’’ मग क्षणभर थांबून अण्णा म्हणाले, ‘‘मागच्या वेळचं तुम्हाला मीच सांगायला हवं होतं.’’

‘‘या तुम्ही सावकाश,’’ एवढेच त्या म्हणाल्या.

डबा रिकामा परतला. पुढच्या खरेदीच्या यादीत आता कापडाच्या ठाणांखाली अण्णांच्याच अक्षरात एक ओळ असते: ओट्स, 1 पाकीट.