चैत्यभूमीच्या वाळूवर घरचा फोटो

आपल्या घराच्या भिंतीवर भगवान बुद्ध, बाबासाहेब आणि माता रमाई यांच्या तसबिरी असतातच. पण शेजारी आजोबांचा फोटो आहे का, असे विचारले तर पुष्कळ जण गप्प होतात. गिरणीच्या रिंग खात्यात ज्यांनी उभा जन्म काढला, त्यांचा फोटो असलाच तर पासावरचा टिकलीएवढा. मरणानंतर तोच मोठा करून आणायचा. मग नाक कुठे, डोळे कुठे, याचा अंदाज घरच्यांनीच करायचा.

माझी आई सहा वर्षांची होती तेव्हा ७ डिसेंबर १९५६ रोजी वडिलांच्या खांद्यावर बसून दादर चौपाटीवर आली होती. दोन वर्षांनी वडील गेले. "मला त्यांचं तोंड आठवत नाय, मानेवरचे केस आठवतात," असे ती सांगते. फोटो एकही नाही. आता तिचे गुडघे थकले आहेत, नजर अधू होत चालली आहे. म्हणून यंदा माघ पौर्णिमेला सगळ्या घराचा एक नीट फोटो काढायचा आणि तो चैत्यभूमीच्या वाळूवरच काढायचा, असे ठरवले.

घरात वाद झाला. धाकट्या भावाचे म्हणणे असे, की जिथे बाबासाहेबांचा अंत्यविधी झाला त्या ठिकाणी नटूनथटून फोटो कसले काढता? मला ते पटत नाही. ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताई आंबेडकरांच्या हस्ते इथल्या स्तूपाचे उद्घाटन झाले, तेव्हापासून आपण इथे केवळ रडायला येत नाही, मुलाबाळांना घेऊन अभिवादनाला येतो. आणि बाबासाहेबांनीही घरच्यांसोबत फोटो काढून घेतलेला आहेच. फेब्रुवारी १९३४ मधला राजगृहातला तो फोटो पाहा. यशवंतराव, रमाई, वहिनी लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद, इतकेच काय, टॉबी कुत्राही त्यात आहे. पुढच्याच वर्षी, २७ मे १९३५ रोजी, रमाई गेल्या. तो फोटो काढायचा राहून गेला असता तर?

आईची अट मात्र वेगळीच. "बाबासाहेबांकडं पाठ करून मी उभी नाय राहायची." तिचे खरे होते. म्हणून एका रविवारी मी आणि मुलगी जागा पाहून आलो. स्तूपाच्या दक्षिणेला थोडे पुढे, वाळूत आग्नेयेकडे तोंड करून उभे राहिले की समुद्र मागे राहतो आणि स्तूप डाव्या खांद्याशी येतो. कुणाचीच पाठ तिकडे होत नाही. मुलीला मागे वांद्रे-वरळी सागरी सेतू हवा होता. तो २००९ साली झाला, हवा तेव्हा दिसेल, असे सांगून तिला गप्प केले.

वेळ नीट पाहावी लागते. आपली चौपाटी पश्चिमेला. संध्याकाळी मावळता सूर्य पाठीमागे येतो आणि माणसे काळ्या बाहुल्यांसारखी दिसतात. सकाळी उजेड तोंडावर असतो, पण उंच इमारतींमुळे ऊन वाळूवर उतरायला आठ वाजतात. त्यात हा किनारा अरुंद, भरतीला पाणी भिंतीपर्यंत येते. जुन्या माणसांचा हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याला तिनाने गुणायचे, चाराने भागायचे, भरतीची साधारण वेळ मिळते. पौर्णिमेला सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास भरती, म्हणजे ओहोटी पहाटे पाच-सहाला, आणि उधाणाच्या दिवशी पाणी हटतेही फार. आठ ते नऊ वाळू मोकळी मिळते. अष्टमीला गेलात तर सकाळी सहालाच भरती, पाणी उतरायची वाट पाहत बसाल. उपोसथाचा दिवस आपल्याला असा दुहेरी सोयीचा आहे.

कपडे पांढरे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आपली माणसे पांढऱ्या कपड्यांत दीक्षेला उभी राहिली, तोच पोशाख. मात्र पांढऱ्याची एक अडचण आहे. कॅमेऱ्याला पांढरे फार दिसले की तो उजेड कमी करतो आणि आपले सावळे चेहरे आणखी काळवंडतात. मोबाईलवर काढणार असाल तर कपड्यावर नव्हे, चेहऱ्यावर बोट टेकवून मग फोटो काढा. फोटोवाला असेल तर त्याला आधी सांगून ठेवा. "चेहरे जरा उजळ करून देऊ का?" असे तो विचारतोच. नको म्हणावे. रिंग खात्यात, बांधकामावर, सफाईत जो रंग उन्हाने आणि धुळीने पक्का झाला तो पुसून काय मिळवायचे?

दादर स्टेशनच्या पश्चिमेला उतरून रानडे रोडने चालत गेले तर म्हाताऱ्या माणसाला अर्ध्या तासाच्या वर लागते, टॅक्सी करावी. वाळूत चालवत नसेल तर २०२२ साली झालेल्या माता रमाईंच्या नावाच्या प्रेक्षक गॅलरीतून समुद्र दिसतो, तिथे बसवावे. ६ डिसेंबरला हा घाट घालू नये. त्या दिवशीची रांग लांबून आलेल्यांची. आधी चप्पल काढून स्तूपात वंदना, मग वाळूवर फोटो, हाच क्रम ठेवावा. रविवार असेल तर मेगाब्लॉकच्या आधी घरी परतावे.

मोबाईल आज आहे, उद्या बिघडतो. म्हणून कागदावर तीन प्रती काढाव्यात. एक घरी, एक गावी, एक बहिणीकडे. मागच्या बाजूला पेन्सिलीने तारीख, जागा आणि डावीकडून उजवीकडे सगळ्यांची पूर्ण नावे लिहावीत. आईने सांगितले आहे, तिच्या नावापुढे तिच्या वडिलांचेही नाव लिहायचे.