मागे बांधलेले घर

वसई पूर्वेला वालीव-सातिवलीच्या पट्ट्यात लहान कारखान्यांचे गाळे आहेत. त्यांपैकी एका गाळ्यात माझ्या नवऱ्याच्या मित्राने गेल्या पावसाळ्यात एक घर तयार केले. दोन चाकांवर उभे असलेले, मोटारीच्या मागच्या आकड्याला अडकवून ओढत न्यायचे. आत बाकांचे पलंग होतात, हातभर ओटा आहे, पाण्याची टाकी आहे आणि कोपऱ्यात दाराआड कमोड आहे. हा ट्रेलर त्याला पुढे भाड्याने द्यायचा आहे. ‘‘वहिनी, गिऱ्हाईक येण्याआधी तुम्हीच आठ दिवस फिरवून आणा. काय काय निखळतं ते मला कळेल,’’ तो हसत म्हणाला. मी त्या कमोडाकडे पाहत होते. मला आईची आठवण झाली होती.

आईचे माहेर हर्णैजवळचे. वय ७६, दोन्ही गुडघे झिजलेले. गेली ६ वर्षे ती तिकडे गेलेली नाही. कारण विचारले तर ती गुडघ्यांकडे बोट दाखवते. पण तिला खरी धास्ती आहे ती वाटेवरच्या स्वच्छतागृहांची. शेवटच्या खेपेला तिने आदल्या संध्याकाळपासून पाणी पिणे सोडले होते आणि माणगावच्या पुढे तिला भोवळ आली होती. प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार मी अठरा वर्षे शिकवीत आहे. निसर्गदर्शन, लोकजीवन, लेखकाचे व्यक्तिमत्त्व असे त्याचे घटक विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून देते. तहान दाबून खिडकीशी बसलेली म्हातारी बाई त्या घटकांपैकी कशात बसवावी, हे मला आजही सांगता येणार नाही.

तेव्हा आम्ही बेत आखायला बसलो. नकाशावर वसई ते हर्णै हा किनारा सलग दिसतो. बोट फिरवीत गेले की तो जागोजागी तुटतो. पहिली खाडी आमच्या दाराशीच. वसई किल्ल्याच्या जेट्टीवरून भाईंदरला फेब्रुवारी २०२४ पासून रो-रो बोट जाते. ती टाळायची तर महामार्गावरच्या पुलाचा वळसा. पुढे धरमतरची खाडी, रेवदंड्याला कुंडलिका, मुरूडच्या दक्षिणेला राजपुरीची खाडी आणि हरिहरेश्वर मागे टाकले की सावित्रीच्या मुखाशी बाणकोट. रेवसपासून रेडीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने रस्ता न्यायची कल्पना बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हाची, म्हणजे १९८०-८२ ची. तिला चार दशके उलटली. पण किनाऱ्याने जायचे तर आगरदांडा ते दिघी आणि बागमांडला ते वेश्वी ही दोन पाणी फेरीबोटीनेच ओलांडावी लागतात.

मोटार एकटी असती तर यात अडचण नव्हती. मागे घर बांधले की हिशेब बदलतो. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उजवीकडे फिरवले की तो डावीकडे वळतो. ही उलटी अक्कल अंगवळणी पडायला आम्हांला एका मोकळ्या मैदानात दोन रविवार लागले. जड सामान चाकांच्या दांड्याच्या किंचित पुढे ठेवावे लागते. मागे ठेवले तर वेगात ट्रेलर डोलू लागतो. फेरीबोटीच्या धक्क्यावर फोन केला तेव्हा पलीकडून उत्तर आले, ‘‘मागं आणखी एक गाडी? मग ओहोटीला येऊ नका, चढताना बूड टेकेल. पाणी भरलेलं असताना या.’’

पाणी कधी भरलेले असेल, हे मी संगणकावर शोधू लागले. आई शेजारी शेंगा सोलीत होती. ‘‘त्यात शोधायचं काय?’’ ती म्हणाली. ‘‘तिथीला तिनानं गुणायचं, चारानं भागायचं. येईल तो भरतीचा तास. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा.’’ हा कोळ्यांचा जुना ठोकताळा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, पाणी खूप चढते आणि खूप उतरते. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाण्याची उठाठेव कमी. आई लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने हर्णैला जायची. आगबोट बंदरात थेट लागत नसे, बाहेर समुद्रात उभी राही आणि उतारूंना पडावात उतरवून किनाऱ्याला नेत. १७ जुलै १९४७ रोजी रेवसजवळ ‘रामदास’ बोट बुडाली, तेव्हापासून माझी आजी तिथी पाहिल्याशिवाय कोणाला बोटीवर चढू देत नसे. तिचे ते गणित माझ्या आईच्या डोक्यात सत्तर वर्षे शाबूत होते आणि मी ते तिला एकदाही विचारले नव्हते.

याच दिवसांत वर्गात गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ चालू होता. पेणजवळच्या वरसईचा हा तरुण भिक्षुक घरच्या कर्जाला कंटाळून १८५७ साली चुलत्यांबरोबर उत्तरेकडे निघाला आणि बंडाच्या धुमाळीत सापडला. १८८३ च्या सुमारास त्याने तो वृत्तान्त लिहिला. चिंतामण विनायक वैद्यांनी तो १९०७ साली प्रसिद्ध केला. झाशीच्या वेढ्यासाठी आपण तो वाचतो. मला या खेपेस त्यातला मुक्काम दिसू लागला. रोज संध्याकाळी कोणाच्या तरी ओसरीवर, कोणाच्या तरी ओळखीने, कधी निव्वळ दयेने. त्याच्याजवळ घर नव्हते म्हणून त्याला माणसे भेटली. परतताना आईवडिलांना स्नान घालण्यासाठी त्याने गंगेची कावड वाहून आणली. मी ट्रेलरची टाकी भरण्याचा विचार करीत होते आणि माझ्या पुढ्यात हे पुस्तक उघडे होते.

त्या तासाला मी विद्यार्थ्यांना एक लहानसा अभ्यास दिला : आठ दिवसांच्या प्रवासाला निघताना काय काय घ्याल, त्याची यादी करा आणि तीवरून प्रवासी कसा आहे ते लिहा. जव्हारकडची एक मुलगी आमच्याकडे वसतिगृहात राहून शिकते. तिने हात वर करून विचारले, ‘‘मॅडम, आठ महिन्यांची लिहिली तर चालेल का?’’

मी चालेल म्हटले. तिने लिहिले होते : तांदूळ, मीठ, मिरची. दोन टोप, तवा. ताडपत्री. गोधड्या. पाच कोंबड्या, कारण मागे ठेवल्या तर पाहणारे कोणी नाही. धाकट्या भावाचे हमी कार्ड, भट्टीजवळच्या शाळेत दाखवायला. कुलूप. दिवाळी झाली की तिचे आईवडील उचल घेऊन भिवंडी तालुक्यात वीटभट्टीवर जातात, ते पावसाच्या तोंडावर परततात. सगळे घर एका टेम्पोत मावते, असे तिचे शेवटचे वाक्य होते.

त्या वहीवर मी दहापैकी सहा गुण दिले आणि शेरा मारला, ‘प्रवासी व्यक्तिमत्त्वाचा विचार हवा’. घरी येऊन आमच्या यादीत मी सावलीसाठी बाहेर ओढायचे छत, दोन घडीच्या खुर्च्या आणि दिव्यांची माळ लिहू लागले, तेव्हा माझा हात थबकला. तिच्या यादीत व्यक्तिमत्त्व नव्हते असे नाही. मला ते वाचता आले नव्हते. दुसऱ्या दिवशी मी गुण बदलले. बदलताना तिच्याकडे पाहण्याचे धैर्य मला झाले नाही.

घर बरोबर घेऊन निघण्याची कल्पना आपल्याला पाश्चात्त्य वाटते. राज्य शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले तेव्हाही आपण ती नवलाई म्हणूनच वाचली. पण मेंढ्यांमागे फिरणारा धनगरांचा वाडा, ऊसतोडीला निघालेल्या गाड्या, आषाढीच्या दिंडीबरोबर चालणारा राहुट्यांचा ट्रक हे सगळे आपल्याच रस्त्यांवर आहे. त्यांतल्या कोणाला हौस आहे, कोणाला श्रद्धा आणि पुष्कळांना दुसरा इलाज नाही. आमचा बेत हौसेचा. तो सोडून द्यावा असे मला वाटले नाही, कारण आईची गरज खरी होती. मात्र त्या गरजेपुरते किती लागते, हे आता नव्याने पाहावे लागले. छत, खुर्च्या, माळ यांवर काट मारली.

शेवटी मुक्काम ठरवायचा राहिला. मामा गेल्यापासून आजोळचे घर बंद आहे. मी आईला सांगितले की ट्रेलर आपण त्या घराच्या अंगणातच उभा करू. तुझ्या माहेरच्या अंगणात झोपायचे, आणि रात्री उठावे लागले तरी चार पावलांवर सोय. मी हा बेत मनाशी पुष्कळ दिवस घोळवला होता.

आई माझ्याकडे पाहत राहिली. ‘‘अंगणात कशी नेणार गं गाडी? आमच्या घराला पाखाडी आहे. एकतीस पायऱ्या.’’

लहानपणी दर मे महिन्यात त्या पायऱ्यांवरून मी उड्या मारीत उतरले आहे. खाड्या मोजल्या, भरती मोजली, चाकांवरचे वजन मोजले. त्या पायऱ्या मात्र मी साफ विसरले होते. माझ्या गुडघ्यांनी त्या कधी मोजल्याच नव्हत्या.

‘‘तू वर जाऊन बघून ये,’’ आई म्हणाली. ‘‘मी खालच्या घरी ओटीवर बसेन. ती काकू आहे ना अजून?’’

काकू आहेत. फोन केला तेव्हा त्यांनी प्रथम आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, मग आम्ही किती माणसे ते विचारले. ट्रेलरचे मी सांगितले, ते त्यांना नीट कळले नसावे. ‘‘गाडी कुठंही लावा, जेवायला इथं या,’’ एवढेच त्या म्हणाल्या.

डिसेंबरातली चतुर्थी धरली आहे. वेश्वीला उतरायचे तर बागमांडल्याच्या धक्क्यावर तीनच्या सुमारास पोचायला हवे. यादीत एक भर पडली आहे : काकूंसाठी वसईची सुकेळी.