मंडईचे नाव आणि मंडईचा प्रश्न

गाव ओळखावयाचे असेल तर त्याचा बाजार पाहावा, असे आम्हांस नेहमी वाटते. आमच्या लालबर्र्याच्या बाजारात पोते अंथरून, पुढ्यात वांग्या-मिरच्यांचे वाटे मांडून बसलेल्या बाया पाहिल्या की, बाजार म्हणजे केवळ देवघेव नव्हे, हे ध्यानात येते. तेथे सोयरीक जुळते, आजाऱ्याची खबर लागते, दूरच्या गावी दिलेल्या लेकीचा निरोप मिळतो. बाजारासाठी पक्के ओटे बांधावे, वर छप्पर घालावे, असा विषय खेडोपाडी अधूनमधून निघत असतो. विषय चांगलाच आहे. परंतु त्याच्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा लागतो, आणि तो पुण्यात एका थोर पुरुषाने फार पूर्वी विचारून ठेवला आहे. ती हकीकत वाचकांस सांगावी, म्हणून हा लेखप्रपंच.

पुण्याची भाजीमंडई पूर्वी शनिवारवाड्यासमोरच्या उघड्या पटांगणात भरत असे. ऊन, पाऊस, चिखल सारे सोशीत माळी-कुणबी तेथे माल घेऊन बसत. पुढे नगरपालिकेने शुक्रवार पेठेत, खासगीवाल्यांच्या बागेच्या जागी, नवी इमारत उभारण्याचे ठरविले. 1886 साली ती खुली झाली. भक्कम दगडी बांधणी, मधोमध उंच अष्टकोनी मनोरा आणि त्याभोवती पसरलेले गाळे, असे तिचे रूप होते. मुंबई इलाख्याचे त्या वेळचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून तिला ‘रे मार्केट’ हे नाव मिळाले.

या खर्चाला ज्यांनी विरोध केला, त्यांत जोतीराव फुले होते. ते 1876 ते 1882 या काळात नगरपालिकेचे सभासद होते. आता जोतीरावांना मंडईचे वावडे असावे, असे कोणी समजू नये. त्यांचे घराणे माळ्याचे. फुलांच्या धंद्यावरून तर त्यांना ‘फुले’ हे आडनाव पडले. भाजीची पाटी डोक्यावर घेऊन येणाऱ्याचे हाल त्यांना कोणी समजावून सांगावयास नको होते. परंतु 1848 साली पुण्यात मुलींची शाळा काढणाऱ्या या माणसाचे म्हणणे असे की, एवढा पैसा इमारतीत घालण्यापेक्षा तो गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावावा. 1883 साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात त्यांनी आपल्या मताचे मूळच उघड केले आहे. विद्या नाही म्हणून शेतकरी नाडला जातो, त्याच्या घामाचा पैसा वाटेतच इतरांच्या हाती जातो, हे त्यांचे सांगणे होते. हिशेब न कळणाऱ्याला दगडी गाळा दिला तरी त्याची लूट कशी थांबणार?

आमचे धर्मशिक्षण पुण्यास झाले. त्या दिवसांत सेमिनरीच्या स्वयंपाकघरासाठी भाजी आणावयास आम्ही कधीमधी मंडईत जात असू. आत उंच गाळ्यांवर भाज्यांचे डोंगर रचलेले, आणि बाहेर रस्त्याच्या कडेला, जमिनीवरच, मेथीच्या चार जुड्या घेऊन बसलेली एखादी म्हातारी. छपराने पुष्कळांची सोय केली, यात शंका नाही. शनिवारवाड्यासमोरच्या चिखलापेक्षा ती जागा केव्हाही बरी. परंतु छपराखाली जागा कोणाला आणि उन्हात कोण, हे इमारत ठरवीत नसते; ते माणसे ठरवितात.

पुढील इतिहास मोठा मौजेचा आहे. 1924 साली मंडईत लोकमान्य टिळकांचा पुतळा मोतीलाल नेहरूंच्या हस्ते उभा राहिला. तेथील जाहीर सभांमुळे आणि राजकारणाच्या खलबतांमुळे लोक तिला कौतुकाने ‘मंडई विद्यापीठ’ म्हणू लागले. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने ‘रे’ यांचे नाव गेले आणि मंडईला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले! ज्यांनी खर्चाला विरोध केला, त्यांचेच नाव त्या वास्तूला लाभले. मुंबईच्या 1869 सालच्या क्रॉफर्ड मार्केटलाही पुढे त्यांचेच नाव मिळाले. पुण्याचा घाऊक व्यापार आता गुलटेकडीच्या मार्केट यार्डात असतो. आणि 29 सप्टेंबर 2024 पासून मंडईखालून भुयारी मेट्रोही धावते.

काही जण याला दैवाचा खेळ म्हणतील. आम्हांस तो जोतीरावांचा सन्मान वाटतो, पण अर्धाच. थोरांचे नाव दारावर कोरणे सोपे असते, त्यांचा प्रश्न ऐकणे अवघड. बाजारासाठी ओटे अवश्य बांधावेत, वर छप्परही घालावे. परंतु ओटा कोणाला मिळणार? बैठकीची पावती त्या बाईला वाचता येते काय? दिवसभर बसणाऱ्या बायकांसाठी पाण्याची आणि शौचालयाची सोय आहे काय? आणि बाजाराच्या दिवशी आईची टोपली सांभाळावयास बसलेली पोर त्या दिवशी शाळेला मुकली, त्याचे काय?

हे प्रश्न ग्रामसभेत विचारावयास मोठी विद्वत्ता लागत नाही. पुढल्या सभेत ओट्यांचा विषय निघेल तेव्हा आपल्यांपैकी एकाने तरी उभे राहून ते विचारावेत. आणि बाजाराच्या दिवशी आपली पोर टोपलीपाशी नव्हे, शाळेत बसेल, एवढे तर आपण आपल्या घरातच ठरवू शकतो.