वीस झिंगे आणि एक विवर

लाँग वीकेंड आला की आपलं पब्लिक कुठे पळतं? लोणावळा, महाबळेश्वर, फार तर अलिबाग. मी मेहकरला गेले. 'हे कुठे आलं?' असं ऑफिसात तिघांनी विचारलं. तर मंडळी, मेहकर बुलढाणा जिल्ह्यात आहे, पैनगंगेच्या काठी. जगप्रसिद्ध लोणार सरोवर तिथून पाऊण तासावर. आणि मुख्य म्हणजे ते माझ्या मामाचं गाव.

या ट्रिपला माझ्यासोबत वीस पॅसेंजर होते. मागच्या सीटवर, थर्माकोलच्या खोक्यात, पाण्याच्या पिशवीत. चेरी श्रिंप! जेमतेम इंचभर लांबीची, लालचुटुक, गोड्या पाण्यातली कोळंबी. मूळची तैवान-चीनकडच्या ओढ्यांमधली, मातकट रंगाची. शौकिनांनी लाल-लाल तेवढी निवडून पिढ्यान्‌पिढ्या वाढवली आणि हा रंग आला. माझ्या मामेभावाने दिवाळीत माझा टँक पाहिला आणि हट्टच धरला, 'ताई, मला पण.' मी फोनवर बजावलं होतं, टँक लाव, सहा आठवडे रिकामा चालव, मगच बोलू. पुढे एकदा त्याचा मेसेज आला, 'टँक रेडी!' मी भाबडी, निघाले.

पुण्याहून संभाजीनगर, जालना, मग सिंदखेड राजा. जिजाऊंचं जन्मस्थान, लखुजीराजांचा वाडा. इथे थांबल्याशिवाय पुढे जाऊ नका, मीही थांबले, पण पाच मिनिटांत पळत गाडीकडे आले. उन्हात उभ्या गाडीत वीस जीव होते ना!

मामांनी खोक्यात डोकावून पाहिलं. ''हे झिंगे? पुण्याहून आणले? अवं बाई, आपल्या बाजारात सुके झिंगे ढिगानं भेटतात न!''

टँक मात्र झकास होता. दोन फुटी काच, काळी वाळू, जावा मॉस, स्पंज फिल्टरचे बुडबुडे, पाणी आरशासारखं.

''किती दिवस झाले?''

''आठ.''

''मी सहा आठवडे म्हटलं होतं.''

''पण ताई, पाणी बघ ना किती क्लीअर आहे!''

इथेच सगळे फसतात. मीही फसले होते. 'आज टँक लावा, उद्या सोडा' असं दुकानदाराने सांगितलं, मी ऐकलं, आणि कोथरूडच्या फ्लॅटमध्ये पाच दिवसांत माझी पहिली पूर्ण बॅच गेली. रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी चिमट्याने दोन-तीन मेलेले श्रिंप काढायचे. आजही आठवलं की कसंतरी होतं. पाणी तेव्हाही काचेसारखंच होतं.

फंडा असा आहे. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजली की पाण्यात अमोनिया होतो. तो श्रिंपसाठी विष. एका जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषच. दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच निरुपद्रवी. हे जीवाणू स्पंजवर, वाळूवर, काचेवर वस्ती करतात आणि त्यांना साधारण चार ते सहा आठवडे लागतात. श्रिंपना आणखी थोडा वेळ दिलेला बरा, कारण ते दिवसभर काचेवरचा, पानांवरचा बुळबुळीत थर खरवडून खातात. माश्याला तुम्ही दाणे टाकाल, पण दीड मिलिमीटरचं श्रिंपचं पिल्लू त्या थरावरच जगतं. लखलखीत टँक म्हणजे त्याच्यासाठी रिकामं स्वयंपाकघर.

मी टेस्ट किट काढलं. अमोनियाच्या नळीतलं पाणी पिवळं राहायला हवं होतं, ते हिरवंगार झालं. भाऊसाहेब जीवाणूंना खुराक म्हणून रोज चिमूटभर मासळीचं खाद्य टाकत होते. आयडिया बरोबर होती, पण वस्ती अजून बसलेली नव्हती. वर बोअरचं पाणी, पीएच आठच्या पुढे, आणि पीएच जितका जास्त तितका अमोनिया जहाल. वीस जणांचा मुक्काम बादलीत. पुण्याचंच पाणी, माझ्या टँकमधला जुना स्पंज आणि बॅटरीवरचा एअर पंप, कारण लाइटचा भरवसा नाही.

रात्री माझा टीडीएस पेन घरभर फिरला. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं खेळणं. बोअर, फिल्टर, माठ, सगळ्यांची परीक्षा झाली. मामी म्हणाली, ''माझ्या माहेरी नेऊन पाह्य हा पेन.'' तिचं माहेर संग्रामपूर तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात. पिण्याच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅम क्षार चांगले आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्या, असं भारतीय मानक सांगतं. त्या पट्ट्यातल्या विहिरी-बोअर खाऱ्या, आणि मूत्रपिंडाचा आजार गावोगावी. ''माझ्या काकाले डायलिसिसले न्यावं लागे,'' एवढं बोलून मामी भांडी आवरायला उठली. मी पेन पर्समध्ये टाकला.

दुसऱ्या दिवशी पहाटे लोणार. काठावर उभं राहिलात की पहिली दोन मिनिटं कुणी बोलत नाही. पावणेदोन किलोमीटर व्यासाचं, जवळपास दीडशे मीटर खोल वाडगं. उतारावर दाट जंगल, तळाशी पाणी. बेसॉल्टच्या काळ्या पाषाणात उल्का आदळून झालेलं. वय किती? एका मोजणीत सुमारे ५० हजार वर्षं, नंतरच्या एका मोजणीत पाच लाख ७० हजार. घ्या! १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने याची नोंद केली. आपल्या पुराणांत लवणासुराची गोष्ट त्याच्या कितीतरी आधीची. गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ चुकवू नका, कोरीवकाम निवांत बघा.

वर गोमुखाची धार बाराही महिने वाहते, गोड पाणी. खाली सरोवर खारट आणि अल्कधर्मी, पीएच वर्षानुवर्षं दहाच्या आसपास नोंदलेला. भाऊ म्हणाला, ''गोड पाणी आत येतं, मग खाली खारट कसं?''

''बाहेर जायला वाट आहे का?''

त्याने गोल नजर फिरवली. नव्हती. पाऊस आणि झरे आत येतात, पाणी वाफ होऊन जातं, क्षार मागे राहतात. थोडा वेळ गप्प राहून तो म्हणाला, ''म्हणजे मी रोज बोअरचं पाणी टॉप-अप केलं तर माझ्या टँकचं लोणार होणार?''

मला टाळी द्यावीशी वाटली. श्रिंप पाळणारे निम्मे लोक इथेच चुकतात. आटलेल्या पाण्याच्या जागी आरओचं किंवा पावसाचं पाणी घालायचं, म्हणजे क्षार चढत नाहीत. पण एकदम बादलीभर मऊ पाणीही ओतायचं नाही. अचानक बदलात श्रिंपची कात अवेळी सुटते आणि तो मरतो.

हे अख्खं विवरही बदल झेलतंय. २०२० च्या जूनमध्ये सरोवर गुलाबी झालं, आठवतं? पुण्याच्या आघारकर संस्थेतल्या तपासणीत कारण निघालं खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव. पाऊस पडला, रंग गेला. एरवीची हिरवी छटा असते ती स्पिरुलिनासारख्या जीवांची. भाऊ ओरडलाच, ''ताई, हे तर तुझ्या श्रिंपच्या खाण्याच्या पाकिटावर लिहिलंय!'' आणि गेल्या काही वर्षांत पाण्याची पातळी इतकी वाढली की काठावरच्या कमळजा देवीच्या देवळाला पाणी भिडलं. क्षारांवर जगणाऱ्या या जीवांसाठी जास्तीचं गोडं पाणी म्हणजे काय, हे माझ्यासारख्या बादलीवालीला वेगळं सांगायला नको. १९७९ मध्ये भूवारसा स्मारक, २०२० मध्ये रामसर यादी, पाट्या लागल्यात. काठावर प्लॅस्टिकही होतं.

जायचं तर पावसाळा सरताना जा. राहायला एमटीडीसी आहे. पिण्याचं पाणी सोबत ठेवा, उतरायला सोपं आहे, चढताना जीव निघतो. आणि काळा दगड टँकसाठी उचलू नका, अभयारण्य आहे ते. (मोह मलाही झाला होता.)

परत आल्यावर माझ्या स्पंजचा अर्धा तुकडा भावाच्या फिल्टरमध्ये सोडला आणि बादलीतल्या वीसही जणांना परत पुण्याला नेलं. मुलाचं तोंड एवढंसं झालं. मामा त्याला म्हणाले, ''कायले रडतं? शेत तरी पेरलं की दुसऱ्या दिवशी उगवते का?''

पाच आठवडे तो रोज नळीचा फोटो पाठवत होता. हिरवी, फिकट हिरवी, मग जांभळी, म्हणजे नायट्राइट. मग एका रविवारी अमोनियाची नळी पिवळी, नायट्राइटची निळी, आणि काचेवर शेवाळाचा मळकट थर. त्याच आठवड्यात तो एसटीने पुण्याला आला आणि डबा मांडीवर घेऊन परत गेला. घरी पोचल्यावर सलाइनच्या नळीने थेंब-थेंब टँकचं पाणी डब्यात सोडत दोन तास बसला.

वीसातले एकोणीस जगले. महिन्याभराने एक धूसर फोटो आला. एका मादीच्या पोटाखाली पिवळसर अंड्यांचा घोस. वीस-पंचवीस असतील. तीनेक आठवड्यांत पिल्लं सुटतात, थेट छोटे श्रिंप म्हणूनच. मी खाली बदाम पाठवला. लगेच मामांच्या नंबरवरून मेसेज आला, ''तळायले कधी येतं?''