केके आणि आमचा अडकलेला अंतरा

खरं सांगू? केके दिसतो कसा, हे मला कितीतरी वर्षं माहीतच नव्हतं. आवाज मात्र घरातल्या माणसासारखा ओळखीचा!

१९९९ साल. पुण्यातलं आमचं कॉलेज. त्या वर्षी दोन गोष्टी आल्या: ‘पल’ची कॅसेट आणि ‘हम दिल दे चुके सनम’मधलं ‘तडप तडप’. एकीकडे हळुवार, मित्राच्या खांद्यावर हात टाकून गायल्यासारखा सूर आणि दुसरीकडे तो आक्रोश. दोन्ही एकच माणूस गातोय, असं आमचा गिटारवाला म्हणाला तेव्हा मी पैज लावली. हरलो. दोन प्लेट मिसळ गेली.

आमचा साडेतीन माणसांचा बँड होता. (अर्धा म्हणजे ड्रमर. तो तालमीला आलाच तर!) गायचो मी. केकेचं गाणं सुरुवातीला अगदी तुमच्या-माझ्या आवाक्यातलं वाटतं. बाथरूममध्ये तर हमखास जमतं. मग अंतऱ्याला हा पठ्ठ्या सहज वरच्या मजल्यावर निघून जातो आणि आपण जिन्यात धापा टाकत उभे. मी प्रत्येक वेळी तिथेच अडकायचो. गिटारवाला म्हणायचा, ‘जमेल रे, अजून सहा महिने दे.’

सहा महिने काही दिले नाहीत. २००१ मध्ये इंटरकॉलेज स्पर्धा आणि माझा पहिला इंटरव्ह्यू एकाच दिवशी आले. मी टाय लावला. नोकरी लागली, बँड मोडला. गिटारवाला त्यानंतर माझ्याशी बोलला नाही.

पुढे मुंबई, टार्गेट्स, ७.५२ची फास्ट. केके सोबत होताच. ‘दिल चाहता है’ आला तेव्हा ऑफिसच्या पार्टीत नाचलो, ‘जिस्म’चं ‘आवारापन बंजारापन’ इअरफोन लावून ऐकत रात्री उशिरा घरी आलो. २००५ मध्ये टीव्हीवर ‘फेम गुरुकुल’ लागलं होतं, बहीण ओरडली, ‘अरे, तो जज बघ, तुझा केके!’ साधा शर्ट, शांत चेहरा. अकाउंट्समधला कुणी वाटला असता.

त्याच सुमारास कुठेतरी वाचलं, की दिल्लीच्या किरोडीमल कॉलेजातून बाहेर पडल्यावर त्यानेही मार्केटिंगची नोकरी केली होती. हॉटेल लाइनमध्ये. जेमतेम काही महिने! मग सोडली. १९९४ मध्ये मुंबई गाठली, ढिगाने जिंगल्स गायल्या, शास्त्रीय संगीताचं शिक्षण नसताना. मी तेव्हा नोकरीच्या पाचव्या वर्षात होतो. गाडीचा हप्ता चालू होता. पेपर घडी करून ठेवला.

तक्रार एकच. फिल्मफेअरची नामांकनं कितीदा, पण बाहुली एकदाही नाही. अरे, ‘खुदा जाने’लासुद्धा नाही? जाऊ दे. तो स्वतः कधी त्यावर रडत बसलेला दिसला नाही, मीच आपला दरवर्षी चिडायचो.

३१ मे २०२२. रात्री साडेबारा वाजता अनोळखी नंबरवरून फोन. ‘गेला रे,’ एवढंच. कोण बोलतंय हे विचारावं लागलं नाही. एकवीस वर्षांनीही तो आवाज तसाच होता.

कोलकात्याच्या नझरुल मंचवर कॉलेजच्या फेस्टमध्ये गायला, हॉटेलवर परतला आणि संपलं. ५३ वर्षांचा होता. शेवटचं गाणं ‘पल’. आम्ही दोघं फोनवर व्हिडिओ बघत होतो, तो घामाघूम होऊन तोंड पुसतोय आणि पोरं त्याच्याबरोबर गातायत. गिटारवाला आता बँकेत आहे, लोन डिपार्टमेंटला. गिटार कपाटावर, तारा नाहीत. म्हणजे त्यालाही नाही जमलं. इतकी वर्षं मला वाटत होतं, त्याने तरी...

२ जूनला वर्सोव्याला अंत्यसंस्कार होते. माझ्या ऑफिसपासून रिक्षाने वीस मिनिटं. आणि मी कुठे? रिव्ह्यू मीटिंगमध्ये! परत तेच.

दुपारी फोन थरथरला. ‘पुण्याहून सकाळच्या गाडीने आलो होतो. गर्दीत लांबूनच नमस्कार केला. तुझ्या ऑफिसखाली उभा आहे. येतोस?’

बॉसला म्हटलं, जवळचं कुणीतरी गेलंय. लॅपटॉप तसाच उघडा टाकून खाली आलो. टपरीवर पोट सुटलेला, पुढचे केस गेलेला एक माणूस उभा होता. त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. त्यालाही तसंच काहीतरी दिसलं असणार.

‘तो अंतरा जमला का रे कधी?’

‘नाही.’

त्याने अजून दोन कटिंग सांगितले.