गाण्याला शेजार हवा

ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंग आटोपलं की गाणी मास्टरिंगसाठी माझ्याकडे येतात. प्रत्येक गाण्याचा आवाज किती मोठा असावा, कोणत्या गाण्यामागून कोणतं यावं, दोहोंच्या मध्ये किती सेकंद शांतता असावी, हे या टप्प्यावर ठरतं. हल्ली बहुतेक कलावंत एकच गाणं घेऊन येतात. त्यामुळे यांतली पुढची दोन कामं उरतच नाहीत. ती गेल्यामुळे ऐकणाऱ्याच्या हातून काय निसटतं, ते मला सांगायचं आहे.

सुटं गाणं कमअस्सल असतं, असं मी मानत नाही. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावत. तेवढ्यात अब्दुल करीम खाँसाहेबांनी राग उभे केले. मराठी भावगीत तर याच मापात वाढलं. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला जी. एन. जोशी यांनी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता तबकडीसाठी गायली आणि भावगीताला घराघरांत जागा मिळाली.

१९४८ मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीने ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्ले तबकडी आणली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळू लागली. अमीर खाँसाहेबांच्या १९६०च्या तबकडीत एका बाजूला मारवा आहे, दुसऱ्या बाजूला दरबारी. विलंबिताला आता श्वास घ्यायला जागा होती.

‘शीळ’ गाणारे जी. एन. जोशी पुढे एचएमव्ही या तबकडी कंपनीत निर्माते झाले. १९६७ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ त्यांचीच निर्मिती. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार आणि माणिकराव पोपटकरांचा तबला. कल्पना काश्मीरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाच्या एका दिवसाची. पहाटेचा अहिर भैरव, मग नट भैरव, पिलू, भूप, देस आणि शेवटी पहाडी. इथे क्रम हाच आशय आहे. ही पहाडी सुटी ऐकली तरी गोडच वाटते. पण अहिर भैरवापासून चालत तिच्यापर्यंत पोचलात, तर तिच्यात दिवसभराचा शिणवटा आणि विसावाही ऐकू येतो. हा अर्थ तिला शेजारच्या रागांनी दिलेला असतो.

क्रमामागे तांत्रिक कारणंही असत. तबकडी एकाच गतीने फिरते. पण सुईखालून बाहेरच्या कडेला सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, तर आतल्या टोकाशी जेमतेम २१. आत जावं तसा तार स्वरांचा तजेला कमी होतो आणि आवाज फाटण्याचा धोका वाढतो. म्हणून भरगच्च वाद्यमेळाचं गाणं बाजूच्या सुरुवातीला आणि संथ, मोजक्या वाद्यांचं गाणं शेवटी ठेवण्याकडे कल असे. या अडचणीतूनच चढ-उताराचं एक शहाणपण तयार झालं.

अर्थात, एका आवडत्या गाण्यासाठी सगळ्या संग्रहाचे पैसे मोजावे लागतात, ही ग्राहकाची तक्रार रास्तच होती. आपल्याकडे कॅसेटच्या काळात लोकांनी त्यावर उपाय काढला. गाण्यांची यादी दुकानात द्यायची आणि कोरी कॅसेट भरून घ्यायची. कायद्यात ते बसत नव्हतं. पण साठ किंवा नव्वद मिनिटांत काय बसवायचं, आधी काय, नंतर काय, याचा विचार यादी करणारा करत असे. गाणी सुटी निवडली, तरी त्यांना शेजार मिळत होता.

२८ एप्रिल २००३ रोजी ॲपलचं आयट्यून्स स्टोअर सुरू झालं. तिथे एक गाणं ९९ सेंटला सुटं विकत मिळू लागलं आणि संग्रहाची गाठ सुटली. स्ट्रीमिंगने तर खरेदीच मोडीत काढली. स्पॉटिफाय या स्ट्रीमिंग सेवेवर गाणं ३० सेकंद वाजलं की एक ‘स्ट्रीम’ मोजला जातो. साहजिकच सुरुवातीचा वाद्यमेळ आखडत चालला. डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ‘बिलबोर्ड’ या संगीतपत्रिकेने १५०० स्ट्रीम म्हणजे एक अल्बम, असा हिशेब धरला. त्या हिशेबात एकच गाणं १५०० वेळा ऐकलं, तरी अख्खा अल्बम खपल्याची नोंद होऊ लागली.

माझ्या कामातला बदल याहून सूक्ष्म आहे. स्ट्रीमिंग सेवा गाण्यांचे आवाज एका पातळीवर आणतात. स्पॉटिफायवर अल्बम क्रमाने लावला, तर हे समायोजन अख्ख्या अल्बमला एकत्र होतं. हळुवार गाणं हळुवारच राहतं. तीच गाणी शफल केली, म्हणजे क्रम मोडून लावली, किंवा मिश्र यादीत टाकली, की प्रत्येकाचा आवाज सुटा मोजला जातो आणि कुजबुजीचं गाणंही जल्लोषाच्या गाण्याच्या पातळीला येतं. दोन गाण्यांच्या आवाजातलं जे अंतर आम्ही कानांनी तोलून ठेवलेलं असतं, ते तिथे पुसलं जातं.

नोव्हेंबर २०२१ मध्ये गायिका ॲडेलच्या आग्रहावरून स्पॉटिफायने अल्बमच्या पानावर क्रमाने वाजण्याला अग्रक्रम दिला. एका कलावंताच्या शब्दाने हे घडू शकतं, तर ऐकणाऱ्यांच्या सवयीने कितीतरी जास्त घडेल.

नव्या संगीतकारांनी गाणी सुटी जरूर प्रसिद्ध करावीत. खर्च आणि काळ दोन्ही तेच सांगतात. पण पाच-सहा गाणी जमली की त्यांचा क्रम लावावा. रसिकांना विनंती एवढीच की, या दिवाळीत शफल बंद करून एक अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत ऐका. मध्येच एखादं गाणं रुचलं नाही, तरी पुढे सरकवू नका. पुढचं गाणं जास्त भिडतं, त्याला अनेकदा ते न रुचलेलं गाणंच कारण असतं.