चांदीचं पाणी आणि काळं घोंगडं

पावसाळ्यात रेवदंड्याच्या आमच्या घरात सगळ्यात आधी कुबट होतं ते घोंगडं. भातं कापून झाली की घाटावरचे धनगर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात, मोकळ्या शेतात बसवतात. आमचं घोंगडं त्यांच्याकडूनच घेतलेलं. खरबरीत दख्खनी लोकर, वर चिंचोक्याची खळ. समुद्राकाठच्या दमट हवेत त्या खळीवर बुरशी धरायला वेळ लागत नाही.

चांदीचे नॅनोकण बुरशीला आवर घालतात असं ऐकलं आणि ओळखीच्या मॅडमच्या प्रयोगशाळेत गेले. माझं रसायनशास्त्र बारावीला सुटलेलं. डोळ्यांना न दिसणारे कण तयार झाले हे ओळखायचं कसं, इथूनच माझा गोंधळ सुरू.

रंगावरून ओळखायचं. मॅडमनी कडुलिंबाची पानं ऊर्ध्वपातित पाण्यात उकळली, काढा गाळला आणि सिल्व्हर नायट्रेटच्या बिनरंगी द्रावणात ओतला. हळूहळू पाणी पिवळट झालं, मग तपकिरी. पानांतले घटक विरघळलेल्या चांदीचे कण घडवतात आणि त्यांच्याभोवती बसून त्यांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. कडुलिंबाच्या काढ्याने हे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने 2004 सालीच दाखवलं होतं. पण चांदी तपकिरी कशी? कण इतके बारीक झाले की ते प्रकाशातला निळा-जांभळा भाग शोषतात, असं मॅडम म्हणाल्या. ऐकलं, पण मनाला अजून पटत नाही.

"विहिरीचं पाणी का नको?" मी विचारलं. त्यांनी वेगळ्या नळीतल्या सिल्व्हर नायट्रेटमध्ये आमच्याकडच्या मचूळ पाण्याचे थेंब सोडले. लगेच दुधासारखं पांढरं! मिठातल्या क्लोराइडने चांदी ओढून घेतली होती.

मग पांढऱ्या लोकरीची लड त्या तपकिरी पाण्यात बुडवली. लोकरीच्या प्रथिनात गंधक असतं, त्याला चांदी धरून बसते. लड पिवळसर होऊन निघाली. काळ्या घोंगड्यावर हा रंग दिसणारही नाही.

तरी माझं घोंगडं मी त्यात घातलं नाही. 'पर्यावरणस्नेही' आहे ती कण बनवायची रीत, कण चांदीचेच. धुताना सुटलेली चांदी सांडपाण्यातून कुंडलिकेच्या खाडीत जाणार, आणि तिथली कालवं पाणी गाळूनच जगतात. चांदी त्यांच्या अंगात साठते. ज्या चांदीने बुरशी मरते, ती पाण्यातल्या जिवांनाही बाधते.

असं कापड कुणी विकायला आणलं, तर बुरशी किती थांबते हे जरूर विचारा. पण त्याआधी धुण्याच्या पाण्यात चांदी किती सुटते, याचा चाचणी अहवाल मागा.